चारशे किलोमीटरवरचा वाफसा

वाफसा कशाला म्हणतात ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाऊस उघडतो, दोन दिवस ऊन पडतं, मग तो मूठभर माती उचलून दाबतो. लाडू वळला पण हात चिखलाने माखला नाही, आणि बोटाने टोचल्यावर लाडू फुटला, की पेरणीला हरकत नाही. मातीच्या पोकळ्यांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती वेळ. मुळांना पाणी लागतं हे कोणीही सांगेल. मुळांना श्वासही लागतो, हे मात्र गॅलरीतली तुळस दोनदा कुजवल्याशिवाय शहरातल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

मी मावळातल्या फुलांच्या पॉलिहाउसना ठिबक आणि फॉगरचे (धुक्यासारखा फवारा उडवणाऱ्या नळ्यांचे) कंट्रोलर बसवून देतो. त्यामुळे 2015 च्या डिसेंबरात, चारशे किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झिनिया या फुलझाडाच्या रोपांचं जे झालं, ते वाचताना मला ते परकं वाटलंच नाही. आधी पाणी जास्त आणि वारा कमी, म्हणून बुरशी. मग वारा जास्त आणि पाणी कमी, म्हणून सुकवा. आणि या दोन्हींच्या मध्ये कुणाचंही न ऐकणारं एक वेळापत्रक. आमच्याकडे हे दर श्रावणात होतं.

पेटीत काय होतं

उपकरणाचं नाव 'व्हेजी'. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या ऑर्बिटेक या कंपनीने ते तयार केलं आणि 2014 च्या एप्रिलमध्ये ते स्थानकावर गेलं, कोलंबस नावाच्या युरोपीय कक्षात बसवलं गेलं. वर लाल, निळ्या आणि हिरव्या एलईडींचं छत, खाली रोपांचा तळ, आणि मध्ये बाजापेटीच्या भात्यासारखा लांबणारा पारदर्शक पडदा. रोपं उंच झाली की छत वर सरकवायचं. यातला हिरवा दिवा रोपापेक्षा बघणाऱ्यासाठीच जास्त. नुसत्या लाल-निळ्या उजेडात पानं काळपट जांभळी दिसतात, आणि तसल्या पानाचा रोग ओळखायला कुणी बसलं तर देवच वाली.

माती नाही. तिच्याऐवजी 'उशा'. हाताच्या तळव्यात मावेल अशी कापडी पिशवी, आत भाजलेल्या चिकणमातीचे सच्छिद्र दाणे आणि हळूहळू विरघळणारं खत. उशीच्या तोंडातून पांढऱ्या वातीच्या दोन पट्ट्या बाहेर डोकावतात आणि त्यांच्यामध्ये बी चिकटवलेलं असतं. चिकटवायला वापरतात गवारीच्या बियांचा डिंक. अशा सहा उशा म्हणजे एक पीक. पाणी घालायचं ते अंतराळवीराने, सिरिंजने, एकेका उशीत.

म्हणजे स्वयंचलित काय होतं? दिवे ठरल्या वेळी लागत-विझत. पंख्याला कमी आणि जास्त असे वेग होते. झालं. उशीत आत ओल किती आहे हे सांगणारं काही नव्हतं. ते डोळ्यांनी बघायचं, नाहीतर जमिनीवरच्या लोकांनी फोटोवरून ताडायचं. व्हेजी मुद्दामच साधं ठेवलेलं होतं. कमी वीज, कमी वजन, बिघडायला कमी गोष्टी. त्यात चूक काही नाही. मीही गिऱ्हाईकाला आधी साधंच पॅनल घ्यायला सांगतो.

पहिलं पीक लाल रोमेन लेट्यूसचं, 2014 मध्ये अंतराळवीर स्टीव्ह स्वॉन्सनने काढलेलं. ते कुणी खाल्लं नाही, तपासणीसाठी पृथ्वीवर आलं. दुसरं स्कॉट केलीने 8 जुलै 2015 ला सुरू केलं, आणि 10 ऑगस्टला केली, चेल लिंडग्रेन आणि जपानचा किमिया युई यांनी त्याची पानं खाल्ली. ती बातमी आपल्याकडच्या पेपरातही आली होती. लेट्यूसच्या या पिकांत काही रोपं कोरडी पडून वाया गेली, ते मात्र बातमीत फारसं कुठे आलं नाही. आपल्या प्रकरणाची सुरुवात खरी तिथे आहे. एकदा रोप तहानेने मेलं की पुढच्या खेपेला सगळ्यांचं लक्ष तहानेकडेच असतं. केनेडी अंतराळ केंद्रातल्या या प्रयोगाच्या शास्त्रज्ञ जॉइया मासा यांनी हे नंतर मोकळेपणाने सांगितलं. कोरडेपणाला आम्ही जपत होतो, असं.

झिनियाच का

लेट्यूस महिन्याभरात तयार होतं, पानं देतं आणि संपतं. पुढे टोमॅटो लावायचा होता, आणि टोमॅटोला फुलावं लागतं. झिनियाला साठ ते ऐंशी दिवस लागतात, तिला फुलं येतात, आणि प्रकाश-हवेच्या बाबतीत ती लेट्यूसपेक्षा नखरेल. म्हणजे टोमॅटोआधीची रंगीत तालीम. 16 नोव्हेंबर 2015 ला लिंडग्रेनने उशांना पाणी दिलं, दिवे लावले. दहा तास उजेड, चौदा तास अंधार, म्हणजे कळ्या धरतील.

दोन आठवड्यांत वातींमधून पाणी बाहेर यायला लागलं. नुसतं ओघळलं नाही, कारण ओघळायला 'खाली' अशी दिशाच तिथे नाही. ते वातीवर साचलं, फुगलं आणि तीन रोपांना अर्धवट लपेटून बसलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम याच पाण्यात आहे. आपल्या कुंडीला तांब्याभर पाणी जास्त झालं तर ते बुडाच्या भोकातून बशीत उतरतं, आणि उतरता उतरता मागे हवा ओढून घेतं. वाफसा म्हणजे तरी काय, गुरुत्वाकर्षणाने आपलं काम केल्यावर मातीत जे उरतं ते. अंतराळात ते काम करायला कुणी नाही. तिथे पाणी चिकटण्याच्या गुणावर चालतं. दाण्याला, वातीला, मुळाला, देठाला, जे हाती लागेल त्याला ते धरून ठेवतं आणि पसरतं. मुळाभोवती पाण्याचं असं वेष्टण बसलं की प्राणवायू त्यातून झिरपत यायला हवा, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. उशी भरलेली, मुळं गुदमरलेली.

वरच्या अंगालाही तेच. आपल्याकडे पानाजवळची ओलसर गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी दुसरी येते. वारा पडलेला असला तरी हे चालूच असतं. अंतराळात गरम हवा वर जात नाही. पानाने सोडलेली वाफ पानापाशीच घुटमळते. पंखा हाच तिथला सगळा वारा, आणि तो कमी वेगावर होता.

पुढच्या दहा दिवसांत पानांच्या टोकांवर थेंब दिसले. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं: पहाटे परसातल्या अळूच्या टोकाला लोंबणारा थेंब. आपण त्याला दव म्हणतो, पण पुष्कळदा तो पानाने स्वतः बाहेर टाकलेला असतो. मुळं पाणी वर ढकलतात, हवा दमट असल्याने ते उडून जात नाही, मग ते पानाच्या टोकातून बाहेर पडतं. अळूला त्याचं काही नाही. झिनियाला होतं. त्यात पानं खाली वाकून वळायला लागली, आणि मुळांत पाणी साचल्याची ही जुनी खूण. दोन खुणा मिळून एकच गोष्ट सांगत होत्या: पाणी जास्त, वारा कमी.

चार दिवस

जमिनीवरच्या लोकांना हे कळलं नाही असं नाही. कळलं, आणि पंख्याचा वेग वाढवायचा हेही ठरलं. पण अंतराळवीराच्या दिवसातली मिनिटंनमिनिटं आधीच वाटून दिलेली असतात, आणि रोपाचा नंबर त्यात कितवा लागणार ते सांगायला नको. 11 डिसेंबरला लिंडग्रेन परतला आणि बाग केलीकडे आली. तेवढ्यात स्थानकाबाहेरची रुळांवरून फिरणारी गाडी अडकली. ती मोकळी करायला केली आणि टिम कोप्रा यांना 21 डिसेंबरला अचानक स्पेसवॉक करावा लागला. अर्थातच त्याला पहिला मान. पंख्याचं बटण मागे पडलं.

22 तारखेला केलीने कळवलं की पानांवर बुरशी आहे. व्हेजीचं काम बघणारे ट्रेंट स्मिथ यांचा फोन पहाटे चारला वाजला. बुरशी ही नुसती रोपाची गोष्ट नाही. बंद डब्यात सहा माणसं जी हवा श्वासात घेतात, त्याच हवेत ती आहे. ताबडतोब सूचना गेल्या. बुरशी लागलेला भाग कापा, उरलेलं जंतुनाशक पुसण्यांनी पुसा, पंखा जोरात लावा.

पंखा जोरात लागला, आणि मग तसाच जोरात राहिला. आता उशा भराभर कोरड्या व्हायला लागल्या. 24 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, केलीने पाण्याबद्दल विचारलं. वेळापत्रकाप्रमाणे पाण्याची पाळी अजून पुढे होती. रोपं समोर माना टाकताहेत आणि कागद सांगतोय, आज नाही.

तेव्हा केली जे बोलला त्याचा आशय असा: मंगळावर निघालो असतो आणि काही लावलं असतं, तर पाणी कधी घालायचं ते आमचं आम्हीच ठरवलं असतं. घरच्या अंगणातल्या हिरवळीकडे बघून मी म्हणतो की आज पाणी घालावं. हेही तसंच व्हायला हवं.

मंगळाचा दाखला वरवरचा नव्हता. तिथून पृथ्वीला संदेश जायला, ग्रहांच्या अंतराप्रमाणे, तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. पण मला विचाराल तर नडलं ते अंतर नव्हतं. स्थानकावरून जमिनीशी बोलायला क्षणभरही पुरतो. फोटो खाली येत होते, तज्ज्ञ बसलेले होते. नडली होती कामाची वाटणी. व्हेजीला व्हॉल्व्ह नव्हता, म्हणून व्हॉल्व्हचं काम माणसाला दिलं होतं. केलीचा हात सिरिंज दाबणार, पण कधी आणि किती हे ठरवणार जमिनीवरचा तक्ता. डोळे, बोटं आणि अक्कल असलेला माणूस समोर उभा करायचा आणि त्याच्याकडून फक्त उघड-बंद करून घ्यायचं. स्वयंचलन अर्धं असलं की असं होतं: यंत्राचा अडेलपणा येतो, सेन्सर मात्र येत नाही.

आमच्या एका गुलाबवाल्या गिऱ्हाईकाकडे नेमकं हेच पाहिलंय. ठिबकचा टायमर सकाळी सहाला सुटायचा, मळभ असो नसो. तिथले मामा पाचलाच उठून गादीवाफ्यात बोट खुपसायचे आणि ओल दिसली की मेनचा कॉक हाताने बंद करायचे. मालकाला वाटायचं, मामा यंत्राशी खेळतात. एकदा आठवडाभर मामा गावी गेले, आणि पहिल्या दोन गादीवाफ्यांतली मुळं काळी पडली. पॅनल मी बसवलेलं होतं. त्यात एकही बिघाड नव्हता.

एक पान

केलीच्या बोलण्यावर नासाने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. त्यांनी बाग त्याच्या ताब्यात दिली. नुसतं "बघ तुझं तू" म्हणून नव्हे. अंतराळातल्या प्रयोगांना एरवी पानंच्या पानं कृतिक्रम असतो, पायरीगणिक. त्याऐवजी एका पानाची मार्गदर्शिका पाठवली, 'कक्षेतल्या माळ्यासाठी' झिनियाची निगा कशी राखायची ती. कशाकडे बघायचं, काय दिसलं तर काय समजायचं. पुढचं त्याने ठरवायचं.

सगळी रोपं वाचली नाहीत. गेलेली कापून गोठवून ठेवली, पृथ्वीवर तपासायला. उरलेली सावरली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या दिसल्या, आणि 16 जानेवारी 2016 ला केलीने नारिंगी फुलाचा फोटो टाकला. 14 फेब्रुवारीला फुलं खुडली, आणि केलीने स्थानकाच्या खिडकीपाशी धरलेल्या त्या गुच्छाचा फोटो जगभर फिरला.

'अंतराळात उमललेलं पहिलं फूल' असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. ते खरं नव्हे. 1982 मध्ये सॅल्युत 7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं किरकोळ रोप फुललं होतं, आणि 2012 मध्ये अंतराळवीर डॉन पेटिटने आंतरराष्ट्रीय स्थानकावरच सूर्यफूल वाढवलं होतं, तेही कुठल्याही महागड्या पेटीशिवाय. पण अरॅबिडॉप्सिसच्या पांढऱ्या टिकलीएवढ्या फुलाचा फोटो कोण बघणार?

बुरशी कोणती, हेही पुढे कळलं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम निघाली. मर रोग म्हटलं की आपल्याकडे तूर-हरभऱ्याचा शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो, त्याच कुळातली. ती संधी साधणारी आहे. धडधाकट रोपाच्या वाटेला ती सहसा जात नाही. पाण्याने गुदमरलेलं रोप दिसलं की शिरते. म्हणजे बुरशी हे कारण नव्हतं, परिणाम होता. पुसण्यांनी ती पुसता आली. वाफसा पुसण्यांनी येत नाही.

पेटीला डोळे दिल्यावर

नासाने पुढे दोन्ही वाटा धरल्या. व्हेजीत माळ्याला मोकळीक वाढत गेली. 2021 मध्ये अंतराळवीर माइक हॉपकिन्सने कोमेजणारी रोपं एका उशीतून काढून दुसरीत लावून पाहिली, आणि पाक चॉय ही चिनी पालेभाजी फुलल्यावर छोट्या ब्रशने स्वतः परागीभवन केलं.

दुसरी वाट म्हणजे 2017 मध्ये वर गेलेली 'ॲडव्हान्स्ड प्लांट हॅबिटॅट'. लहान फ्रिजएवढी बंद पेटी, आत 180 हून जास्त सेन्सर. मुळांशी ओल किती, हवेत कार्बन डायऑक्साइड किती, पानाजवळ तापमान किती, हे पेटी स्वतः मोजते, पाणी स्वतः सोडते, वाफेचं पाणी गोळा करून पुन्हा वापरते, आणि केनेडी केंद्रातली मंडळी जमिनीवरून लक्ष ठेवतात. तिच्या प्रणालीचं लघुनाम उच्चारलं की 'फार्मर' ऐकू येतं. एवढी गंमत शास्त्रज्ञांना माफ आहे. 2021 मध्ये याच पेटीत न्यू मेक्सिकोच्या वाणाच्या मिरच्या लागल्या, 137 दिवसांचं पीक. व्हेजीला ते झेपलं असतं का, मला शंका आहे.

आपल्याकडचं उदाहरण याहून टोकाचं. तिथे माणूसच नाही. 30 डिसेंबर 2024 ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी60 रॉकेट उडालं ते स्पेडेक्सच्या, म्हणजे अंतराळात एकमेकांना जोडून पाहायच्या दोन उपग्रहांसाठी, पण त्याचा काम संपलेला चौथा टप्पा 'पोएम-4' म्हणून 24 उपकरणं घेऊन सुमारे 350 किलोमीटरवर फिरत राहिला. त्यात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची 'क्रॉप्स' नावाची पेटी होती, तिच्यात चवळीचे आठ दाणे. (त्याच टप्प्यावर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचं, पालकाच्या पेशी वाढवणारं उपकरणही होतं.) बंद पेटी, नियंत्रित तापमान, कॅमेरा, आणि प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता, मातीतली ओल यांची मोजमापं. चार दिवसांत चवळीला मोड आले, 6 जानेवारीला पानं उघडल्याचं इस्रोने जाहीर केलं. सिरिंज धरणारं कुणी नव्हतं आणि काही बिघडलं असतं तर बुरशी कापणारंही कुणी नव्हतं.

त्या बातमीचा मला आनंद झाला, पण उगाच तुलना करायला मी धजणार नाही. दाणा आठवडाभराची शिदोरी बरोबर घेऊन येतो. चवळीची डाळिंबी म्हणजे ती शिदोरीच. पहिली दोन पानं येईपर्यंत मुळांना फारसं काही मागावं लागत नाही. झिनियाला पाण्याने वेढलं ते दोन आठवडे होत आल्यावर. क्रॉप्सचा तो प्रयोग तिथवर न्यायचाच नव्हता, पाच-सात दिवसांत दोन पानं एवढीच त्याची आखणी होती, आणि ती त्याने पार पाडली. पेटी महिनाभर चालवायची ठरली, की ओलीच्या आकड्याबरोबर पंख्याचा आकडाही वाचणारं आणि दोन्ही मिळून निर्णय घेणारं काहीतरी आत बसवावं लागेल. नुसती ओल मोजून भागत नाही, हे पॉलिहाउसमध्येही लोकांना पटवताना माझी दमछाक होते.

चवळी मोड काढत होती त्याच हिवाळ्यात सुनीता विल्यम्स स्थानकावर होत्या. त्यांनी तिथे ज्या रोपांचं काम पाहिलं, ते पुन्हा लाल रोमेन लेट्यूसच होतं, 2014 मध्ये व्हेजीत सगळ्यात आधी लावलेलं वाण. या खेपेला ते 180 सेन्सरवाल्या पेटीत लावलं होतं, आणि प्रयोगाचा विषय होता मुळांशी कमी-जास्त ओल ठेवली तर रोपाचं काय होतं.